ब्रेक दाबायले माणूस

मागच्या चाकाच्या ब्रेकचं रबर फुटलं अन् ब्रेक ऑइल सारं अंगणात गळालं. शोरूमवाला फोनवरच म्हणे, चारी चाकांचं सामान बदला लागते. म्हटलं, बोटाएवढं रबर फुटलं तं चारी चाकांचं काय काम? तो म्हणे, कंपनीचा नियम आहे. वीस वर्सांपासून गाडीचं काम मी घरीच करतो. हात माहे, पाने माहे, नियम त्यायचा कायले?

पोरगा पुण्याले राह्यते. त्यानं बजावलं होतं, "बाबा, शोरूमले दाखवा, नाई तं विकून टाका. एकट्यानं गाडीखाली घुसू नका." त्याची माय जाऊन चार महिने झाले. तवापासून तो मले काही ना काही विकायले सांगते. म्हैस विकली. गाडी विकायची नव्हती.

मंगरूळपीरहून रबर आणलं, बसवलं. पण नळीत हवा राहिली की ब्रेकचं पायडल भुईले टेकते, गाडी थांबत नाई. हवा काढायले दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी पान्यानं नट सैल करून हवा सोडायची. नट आवळल्याबिगर पाय उचलायचा नाई, नाई तं हवा परत आत. आत बसायचं काम बायकोचं होतं. ती "दाबला" म्हणे, मी "सोड" म्हणो. कधी कधी दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच. पुरत होतं.

आधी मी सीट अन् पायडलच्या मधात फावड्याचा दांडा अडकवला. दांड्याले 'सोड' समजत नाई.

शेजारी लहान भावाचं घर आहे. तो वावरात होता, घरी भावसून. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं भावसून भासऱ्याशी बोलत नाई. तीस वर्सं ती जे काय ते माह्या बायकोले सांगे, बायको मले सांगे. बायको गेल्यापासून भिंतीले सांगते. "चहा झाला म्हणा," असं.

मीही भिंतीलेच सांगतलं, "ब्रेक दाबायले कोणी पायजे."

ती पदर घेऊन आली, गाडीत बसली. पण "दाबला" म्हणणार कशी? तिनं हॉर्न वाजवला. हॉर्न म्हणजे दाबला. दोन चाकं होईपर्यंत सारी गल्ली जमली. एक म्हातारा म्हणे, "वरात कोणाची रे बाप्पा?"

शेवटच्या चाकाले मी नट सैल केला अन् तिनं पाय उचलला.

"काहून उचलला?" मी खालून ओरडलो.

"पायात गोळा आला! माणूस आहो मी, जॅक नाई!"

तीस वर्सांतलं पहिलं वाक्य.

मंग तीच म्हणे, "जाऊबाई कशा धरत होत्या एवढा येळ?"

"दोन्ही पायानं."

तिनं दोन्ही पाय लावले. "दाबला!"

हॉर्न नाई, बाईचा आवाज. मी पाना हातात धरून तसाच बसलो.

"झोपले का जी?" ती म्हणे.

पायडल घट्ट झालं. गाडी डांबरीवर नेली, दोनदा दाबून पाह्यलं. जागच्या जागी थांबली.

संध्याकाळी पोराचा फोन. "शोरूमले नेली?"

"घरीच केली."

"एकट्यानं?"

"एकट्यानं होत नाई ते. तुह्या काकूनं ब्रेक धरला."

"काकू? तुमच्याशी बोलल्या?"

"बोलली काय, भांडली."

तो हसला. माय गेल्यापासून फोनवर हसला नव्हता. मंग म्हणे, "राहू द्या गाडी. पण काकू घरी असन तवाच खाली घुसा."