कौलावरचा घोडा

साताऱ्याच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवणाऱ्या हिंदुरावाचा या जगात नेमका विश्वास कशावर आहे, असं कुणी विचारलं असतं, तर त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, पदर तोंडाला लावून सांगितलं असतं, "ड्रमवर. त्यो बी हाताखाली असंल तवर."

दूधवाल्यानं दूध घातलं की हिंदुराव त्यात बोट बुडवून बघे. वरात संपली की आपल्या काठ्यांवरची खूण तपासे. कुणी बदलल्या तर? उमेदीची सगळी वर्षं त्यानं पलटणीत पहारा करण्यात घालवली होती. पहारा सुटला, पण पहाऱ्याचा डोळा काही सुटला नाही.

आणि दैवाची गंमत बघा, अशा माणसाला छंद लागला तो इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डींचा. ज्यातला एक शब्द कळत नाही, ती गोष्ट आयुष्यभर जिवाला लावून घ्यायची, म्हणजे विश्वासच की!

हा रोग जडला जबलपूरच्या छावणीत. एका तरुण लेफ्टनंटच्या खोलीतून रोज संध्याकाळी ते वादळ बाहेर पडायचं, आणि खिडकीखाली पहाऱ्यावर हिंदुराव उभा. शेजारी जतचा यल्लाप्पा. आत ड्रमवाला हाणायला लागला, की हिंदुरावाची बोटं बंदुकीच्या दस्त्यावर नाचायची.

"आरं, दोन हातांत चार मानसं बसल्यात ह्याच्या," हिंदुराव म्हणायचा.

"आन् त्यो गिटारवाला ऐक," यल्लाप्पा म्हणायचा. "वल्लं लाकूड कापल्यागत कापतोय."

सावधान उभं राहून, मान न हलवता, ओठांच्या कडेतून चाललेला असा रसिकांचा संवाद कुठल्या रंगभूमीवर झाला नसेल. दोघांची दोस्ती जमली ती त्या खिडकीखाली.

पलटण सुटल्यावर यल्लाप्पा मिरजेला सतारींच्या कारखान्यात भोपळे कोरायला लागला. त्या काळात लांब केसांची परदेशी पोरं सतारी घ्यायला मिरजेत येत, आणि जाताना सामानाचं ओझं हलकं करत. त्यांच्या झोळीतून यल्लाप्पाला रेकॉर्डी मिळत. साताऱ्याच्या बाजूला पाचगणी होती. तिथल्या एका बोर्डिंगात कपड्यांची खोली सांभाळणाऱ्या विजयमालाबाई सुट्टी लागली की पोरांनी टाकून दिलेल्या रेकॉर्डी गोळा करत, आणि स्वतःही तब्येतीनं ऐकत.

दरवर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी हे सगळे कऱ्हाडला जमायचे, दादासोच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात. सातारा आणि मिरज यांच्या मधलं गाव, म्हणून. यंदाची सगळ्यांत चांगली नवी रेकॉर्ड कुठली, ते तिथं ठरायचं. नवी म्हणजे यंदा आपल्या मुलखात आलेली. विलायतेत ती कधी निघाली ते विलायतवाल्यांनी बघावं. नियम दोनच. रेकॉर्ड आधी कुठंही वाजवायची नाही, पहिल्यांदा सगळ्यांसमोरच सुई लावायची. आणि ऐकून झाल्यावर आवडलेल्या कव्हरवर प्रत्येकानं एक सुपारी ठेवायची, स्वतःच्या सोडून. इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसत नसत, त्यामुळे कव्हरावर जे चित्र, तेच रेकॉर्डचं नाव.

चौऱ्याहत्तरच्या त्या रविवारी विजयमालाबाईंनी 'तीन डोक्यांची' आणली होती आणि हिंदुरावानं 'जळकी खुर्ची'. ही खुर्ची त्याच्या हाती महिनाभर होती. विजयमालाबाईंनीच ती दिलेली. न वाजवता महिनाभर राखलेली! रोज रात्री कव्हर उशाला घेऊन तो ड्रमवाला कसा असेल याची नुसती कल्पना करत झोपायचा.

तीन डोक्यांची वाजली. दादासोनं मान हलवली.

"चांगली हाय. पन मधी लय रडतंय."

"रडतंय न्हाई, आळवतंय," विजयमालाबाई म्हणाल्या. "तुमच्या कर्ण्यांना फक्त नवरदेवाची गानी कळत्यात, दादासो."

मग खुर्ची वाजली. हिंदुरावाच्या महिनाभराच्या स्वप्नापेक्षा ड्रमवाला सरस निघाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी पाहिलं का, म्हणून त्यानं आजूबाजूला संशयानं बघितलं.

शेवटी यल्लाप्पानं आपली काढली. कव्हरवर एका कौलारू घराच्या छपरावर घोडा उभा. मधलं लेबल कुणी तरी खरवडून काढलेलं.

"हे खरवडलं कुनी?" हिंदुरावानं विचारलं.

"मला काय म्हाईत? झोळीतनं आली तशी आनली."

तेवढ्यात लाईट गेली. दादासोनं लगेच आपली लग्नातली बॅटरी जोडली, बॅटरीवर चालणारा, पोटातच कर्णा असलेला प्लेअर पुढं ओढला, आणि सुई टेकवली.

आणि काय सांगावं! घोडा कसला, ऐरावत निघाला. एकेक ठोका असा पडत होता, की दोन ठोक्यांच्या मधे माणसानं एक श्वास घ्यावा. गाणाऱ्याचा आवाज तळघरातून वर येत होता. विजयमालाबाईंच्या हातातला चहा निवला. दादासो म्हणाला, "गड्या, देवळातला नगारा असा वाजवत न्हाईत." यल्लाप्पा सोडून सगळ्यांच्या सुपाऱ्या घोड्यावर पडल्या. हिंदुरावाचीसुद्धा.

आणि तिथंच हिंदुरावानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. "खुर्ची घे, घोडा दे," तो यल्लाप्पाला म्हणाला. यल्लाप्पानं एका शब्दात हो म्हटलं. हिंदुराव हात धुऊन येईपर्यंत त्यानं घोडा कव्हरात घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून ठेवला होता.

साताऱ्याला घरी आल्यावर हिंदुरावानं सुतळी सोडली, आपल्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली, आणि त्याच्या अंगावर काटा आला. ऐरावत कुठं गेला? ही तर शेळ्यांची पळापळ होती! ठोका तोच वाटे, पण लगबगीचा. गाणारा तोच वाटे, पण कुणी चिमटा काढल्यासारखा.

"बायडे, हे बग काय झालं."

"काय झालं? वाजतंय की."

"बदलली. त्यानं बदलली. मी हात धुवाया गेलो, तवाच."

"आवं, यल्लाप्पाभावजी असं करतील व्हय?"

"तर मग लेबल का खरवडलं?"

आपला प्लेअर खोटा असेल म्हणून त्यानं बँडच्या मास्तरांच्या घरी नेऊन वाजवली. तिथंही शेळ्याच. ठोका तोच का, याचंही उत्तर त्याच्या मनानं शोधून काढलं: त्याच मंडळींची दुसरी, हलकी रेकॉर्ड असणार. पक्का चोर जुळा भाऊच आणून ठेवतो! संशयाचं असं असतं. तो भुकेला असला, की समोर येईल तो पुरावा खातो आणि ढेकर देतो.

मागच्या सगळ्या गोष्टी आता वेगळ्या दिसायला लागल्या. यल्लाप्पा एका शब्दात हो का म्हणाला? सुतळी एवढी घट्ट का बांधली? रागावला की यल्लाप्पा कानडीत पुटपुटायचा, आणि हिंदुरावाला त्या कानडीचा तर पहिल्यापासून संशय. जबलपूरच्या त्या खिडकीखाली हा आपल्याला काय काय बोलला असेल!

तो मिरजेला गेला. कारखान्याच्या अंगणात भोपळे वाळत घातले होते, त्यांच्या मधोमध यल्लाप्पा पटाशी घेऊन बसलेला. चार कामगार आजूबाजूला. हिंदुरावानं 'राम राम'सुद्धा केला नाही.

"घोडा कुठाय?"

"तुज्यापाशी हाय की."

"ही शेळी हाय. घोडा तू ठेवलास. पलटणीतल्या मानसाला फशिवलंस व्हय रं?"

कामगारांच्या पटाश्या थांबल्या. यल्लाप्पा उठला, आत गेला, खुर्चीची रेकॉर्ड घेऊन आला आणि त्याच्या हातात दिली.

"घे तुजी खुर्ची. बस तिच्यावर."

"आन् घोडा?"

"त्यो बी ठेव. आन् परत ह्या अंगनात पाय ठेवू नगंस."

तो खाली बसला आणि भोपळा कोरायला लागला. कानडीतसुद्धा काही पुटपुटला नाही.

हिंदुराव दोन्ही रेकॉर्डी काखेत मारून परतला. एवढी किमती वस्तू सहज परत दिली, म्हणजे मनात चोर होता, असं तो बायडाबाईला पटवायला लागला. तिला ते पटलं नाही. खरं म्हणजे त्यालाही नाही. खुर्ची लावली की ड्रमवाला पूर्वीसारखाच वाजायचा, पण शेजारी "वल्लं लाकूड कापतोय" म्हणायला कुणी नव्हतं. अर्ध्यातच तो सुई उचलायचा.

माघात कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात लग्न होतं. बँड साताऱ्याचा, लाऊडस्पीकर दादासोचा. अक्षता पडल्या, पंगत बसली, कर्ण्यातून सिनेमातल्या बाईचं नाजूक गाणं चाललेलं. ऐन बुंदीच्या वेळी त्या बाईचा आवाज घसरायला लागला. घसरत घसरत असा खाली गेला, की जणू गावच्या पैलवानानंच माईक हातात घेतला. पंगतीत हशा उठला.

"दादासो, नवरीचा बाप गातोय का रं?" कुणी ओरडलं.

दादासो धावत आला. "बॅटरी उतरली बगा! हिचा काय भरवसा न्हाई. त्या रविवारी बी आदल्या वरातीत दमून आलेली, तशीच जोडली हुती..."

हिंदुराव ड्रम पुसत होता. त्याचा हात थांबला.

संध्याकाळी दादासोच्या दुकानात त्यानं घोडा मागवून घेतला. साताऱ्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर बायडाबाईनं तो पाठवला. त्याच दमलेल्या बॅटरीवर सुई टेकली, आणि ऐरावत पुन्हा चालायला लागला. तोच. एकेक पाऊल टाकत. हिंदुराव भिंतीला टेकून बसला. आयुष्यात पहिल्यांदा आपलाच पहारा आपल्याला फितूर झाल्याचं त्याला दिसत होतं.

"ही बॅटरी मला दे," तो म्हणाला.

"चार्ज करून देतो."

"चार्ज केलीस तर तंगडं मोडीन. हाय तशी दे. आन् प्लेअर बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बँडच्या कालच्याच लाल गणवेशात, डोक्यावर फेट्याची चुंबळ, त्यावर बॅटरी, हातात प्लेअर, काखेत घोडा, अशी स्वारी एस.टी.त चढली. कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट?" हिंदुराव म्हणाला, "काढ. मानसापरीस खरी हाय ती." बॅटरी त्यानं मांडीवर घेतली. तिचं पाणी सांडून पँटीला भोकं पडली, तरी तिला खाली ठेवली नाही. खाली कुणी बदलली तर?

कारखान्याच्या फाटकाशी तो थांबला. पाय आत ठेवायचा नाही, हे त्याला आठवत होतं. त्यानं बाहेरच, रस्त्याच्या कडेला, एका पालथ्या टोपलीवर प्लेअर मांडला, तारा जोडल्या आणि सुई लावली.

आत पटाशी थांबली. यल्लाप्पा फाटकाशी आला. आता संशयानं बघायची पाळी त्याची होती.

"ह्यो काय नवा डाव?"

"डाव न्हाई. बॅटरीनं फशिवलं आपल्याला. घोडा कुनी बदलला न्हाई. त्यो मुळातच शेळी हुता. दादासोची बॅटरी दमलेली, म्हनून हत्ती झाला." एवढं एका दमात बोलून तो थांबला. "मी चुकलो, गड्या."

यल्लाप्पानं त्याच्या पँटीची भोकं बघितली.

"म्हंजी यंदा आपन सुपाऱ्या बॅटरीवर ठेवल्या?"

"व्हय."

यल्लाप्पा हसला नाही. पण तो फाटकाच्या बाहेर आला, टोपलीशी उकिडवा बसला आणि ऐकायला लागला. ऐरावत चालत होता. आणखी हळू, आणखी खोल. मग एका ठोक्यानंतर दुसरा आलाच नाही. बॅटरीनं राम म्हटला. रेकॉर्ड थांबली.

"ऱ्हायलं की रं शेवटचं," हिंदुराव म्हणाला. "शेवटालाच त्यो ड्रमवाला..."

"गप."

यल्लाप्पानं भोपळ्याची पूड लागलेलं बोट रेकॉर्डच्या कडेला टेकवलं आणि ती हळूहळू फिरवायला लागला. वर्षानुवर्षं भोपळे कोरलेल्या त्या बोटाला घाई कशी ती माहीतच नव्हती. कर्ण्याशिवाय, विजेशिवाय, नुसत्या सुईतून मुंगीएवढा आवाज यायला लागला. तो ऐकायला दोघांना डोकी एकमेकांना टेकवावी लागली.

"त्यो बग, त्यो बग," हिंदुराव कुजबुजला. "चार मानसं बसल्यात."

"हलू नगंस," यल्लाप्पा ओठांच्या कडेतून म्हणाला. "सुई उडंल."