दूध उतू न जाणारं घर

टॉर्चबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण आता खऱ्या नावानं हाक मारली तर तिला स्वतःलाच वळून बघायला वेळ लागला असता. वृद्धांची आणि आजाऱ्यांची घरी येऊन देखभाल करणाऱ्या एका संस्थेत ती तपासनीस होती. संस्थेच्या सेविका नीट काम करतात ना, घर त्या माणसाला वावरायला सुरक्षित आहे ना, हे पाहणं तिचं काम. पर्समध्ये कंगव्याच्या जोडीला एक टॉर्च असायचा. कुठल्याही घरात शिरली की ख्यालीखुशाली पुरती व्हायच्या आत ती गुडघ्यांवर बसून पलंगाखाली उजेड पाडायची.

लहानपणी याच खोडीपायी तिनं पुष्कळ धपाटे खाल्ले होते. शेजाऱ्यांची कपाटं उघड, पाहुण्यांच्या पिशव्या चाचप, डॉक्टरांच्या टेबलाखाली शिरून बस. "या कार्टीला नको तिथं नाक खुपसायची भारी हौस," आई म्हणायची. पुढे त्याच हौसेचा पगार मिळायला लागला तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याची तक्रार वेगळी. कुणाकडे जेवायला गेलं की ही आधी न्हाणीघरात जाऊन फरशीवर पाय घासून बघणार आणि बाहेर येऊन यजमानांना सांगणार, "इथं कुणीतरी आपटणार बरं का!" लोक दुसऱ्यांदा बोलवायला बिचकायचे.

तपासायची रीत मात्र तिनं तिची स्वतःची बसवली होती. बाकीचे तपासनीस उभ्यानं पाहायचे. न्हाणीघरात धरायला दांडी आहे, उशाशी घंटा आहे, औषधांचा डबा आहे, झालं काम. ही त्या माणसाच्या पलंगावर चक्क आडवी व्हायची. आडवं झालं की तेच घर निराळं दिसतं, असं तिचं म्हणणं. एका बाईंकडे सगळं कसं चोख होतं, फक्त पाण्याचा पेला होता उजवीकडे आणि बाईंची उजवी बाजू लुळी. उभ्या माणसांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. टॉर्चबाईला आडवं होऊन हात लांब केल्याबरोबर कळलं.

तर तिला एका शुक्रवारी दुपारी रखवालदार आजोबांच्या घरी पाठवलं. आजोबांचा जन्म कापडाच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करण्यात गेला होता. बायको गेल्यापासून ते एकटे राहत, दिवसा संस्थेची सेविका असे. मुलगी त्याच गावात दुसऱ्या टोकाला. तिनं टॉर्चबाईला फोनवर आधीच बजावलं होतं, "बाबा दोनदा पडलेत. दोन्ही वेळा दुपारी, दोन्ही वेळा स्वयंपाकघराच्या दाराशी. विचारलं तर म्हणतात, पडलो म्हणजे पडलो. आज कारण सापडलं तर ठीक, नाहीतर सोमवारी मी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवते. तिसऱ्यांदा पडून खुब्याचं हाड मोडायची वाट बघत बसू का?" बोलणं फटकळ होतं, पण शेवटी शेवटी आवाज भरून आला होता.

घर दोन खोल्यांचं. टॉर्चबाईनं पलंगाखाली पाहिलं, धूळ नाही. न्हाणीघरात पाय घासून पाहिला, रबरी चटई जागच्या जागी. औषधं वारांप्रमाणे लावलेली. काठी पलंगाच्या उशाशी, सपाता पायथ्याशी. सेविका चाळिशीची, हाडापेरानं मजबूत, बोलायला मोजकी. आजोबांना उठवताना कमरेत न वाकता गुडघ्यांत कशी वाकते, तेही टॉर्चबाईनं पाहून घेतलं. नाव ठेवायला जागा नाही. टॉर्चबाईला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण ती चिडली. दोनदा माणूस पडतो आणि घरात एकही दोष नाही, हे तिला पटेना.

मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथला गॅस लखलखीत होता. शेगडीच्या कडेला, बर्नरच्या खाचेत, कुठेही पिवळा डाग नाही. चारच्या सुमाराला आजोबांना कोमट दूध लागतं, ते सेविका जेवणं उरकली की मंद आचेवर ठेवते, असं तिनं सांगितलं.

"ताई, कधी उतू जात नाही?"

"नाही मॅडम. एकदाही नाही," सेविका जरा अभिमानानंच म्हणाली. "मला बरोबर आठवण होते."

टॉर्चबाईनं शेकडो स्वयंपाकघरं पाहिली होती. तिच्या स्वतःच्या घरी तर दर दोन दिवसांआड करपल्याचा वास यायचा. दूध कधीच उतू जात नाही असं घर तिनं अजून पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाहेर येऊन तिनं आजोबांच्या पायांकडे पाहिलं. पायमोजे घरात धुतलेले, वरून पांढरे स्वच्छ. तळवे मात्र काळे कुळकुळीत. ज्या माणसाच्या सपाता पलंगाशी जोडीनं मांडून ठेवल्यात, त्याचे मोजे एवढे मळतात कसे?

"आजोबा, मी जरा तुमच्या पलंगावर पडू का?"

"पडा की," आजोबा म्हणाले. "आमच्या कारखान्यात तपासायला येणारे साहेबही झोपायलाच यायचे."

टॉर्चबाई आडवी झाली. आजोबा खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले. सेविकेनं दूध ठेवलं आणि दाराशी स्टुलावर येऊन बसली. पंखा कुरकुरत होता. टॉर्चबाईनं डोळे मिटले आणि थोडं घोरायलाही सुरुवात केली. तपासणारा झोपला की लोक मोकळे होतात, हा तिचा जुना अनुभव. झालंही तसंच. सेविकेनं बराच वेळ ताठ बसून पाहिलं, मग तिची मान चौकटीला टेकली आणि तोंड किंचित उघडं पडलं. असं बसल्या जागी झोपणारं माणूस आळशी नसतं, ते पार मोडून आलेलं असतं. टॉर्चबाईला ते एका डोळ्याच्या फटीतून दिसलं आणि तिनं आपलं घोरणं हळू केलं.

इतक्यात आजोबा हलले. त्यांनी आधी पलंगाकडे पाहिलं, मग सेविकेकडे. खुर्चीचे हात धरून उठले. काठीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सपाता तशाच राहू दिल्या. गुळगुळीत फरशीवरून मोज्यांवर, भिंतीला एक हात लावून, पाऊल न वाजवता निघाले. सेविकेच्या स्टुलाला वळसा घातला. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचा पाय सरकला. ओरडावं तर म्हातारा दचकून तिथंच आडवा व्हायचा. आजोबांनी चौकट धरली, तोल सावरला आणि आत जाऊन गॅस बंद केला. तसेच परत आले. खुर्चीत नीट बसले, श्वास घेतला आणि मग पेल्यावर चमचा आपटला.

"अगंबाई, दूध!" सेविका धडपडत आत धावली आणि लगेच हसत बाहेर आली. "बंदच आहे. मी मघाशीच केला वाटतं."

टॉर्चबाई उठून बसली. "ताई, गॅस तुम्ही नाही बंद केला."

सेविकेला हळूहळू सगळं उमगत गेलं: न उतू गेलेलं दूध, चमच्याचा आवाज, दोनदा दाराशी पडलेले आजोबा. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"काठी टकटक वाजते, सपाता चुरचुरतात," आजोबा चोरी पकडल्यासारखे म्हणाले. "पोर पहाटेपासून दुसऱ्या घरी राबून येते. तुमची संस्थाच पाठवते. तिथं एका अगडबंब माणसाला एकटी उचलते, आणि तिथून तडक इथं. सकाळी ती माझं करते. दुपारची राखण माझी. मॅडम, तुमच्या पाया पडतो, हे वर कळवू नका."

टॉर्चबाईला प्रथमच वाटलं, आपण हे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. कामावर झोपलेल्या सेविकेला संस्था दुसऱ्या दिवशी ठेवत नसे. सांगावं तर ही घरी बसणार. गप्प बसावं तर म्हातारा उद्या पुन्हा मोज्यांवर निघणार, आणि कारण सापडलं नाही म्हणून सोमवारी वृद्धाश्रमात जाणार. तिला दोघांचाही राग आला, आणि दोघांचीही माया.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा टॉर्चबाईनं जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं.

मुलगी भडकली. "म्हणजे आम्ही सेविका झोपायला ठेवलीये? उद्यापासून ही नको. दुसरी द्या, नाहीतर मी बाबांना हलवते."

"चूक आमची आहे," टॉर्चबाई म्हणाली. "दोन घरं लागोपाठ आम्ही दिलीत. शिक्षा द्यायची तर आम्हाला द्या."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझे वडील पडतात!"

"अगं, इकडे बघ," आजोबा म्हणाले. "हिला काढ, नाहीतर मला तिकडे ने. पडण्याचा प्रश्न मिटेल, तुझं खरं आहे. कारण मग मी उठणारच नाही. कशासाठी उठू? तुझी आई गेल्यापासून या घरात माझ्यावाचून अडतं असं एवढं एकच काम आहे."

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली. तिनं विचारलं, "रात्रभर जागं कसं राहायचा हो बाबा तुम्ही? मी कधी विचारलंच नाही." आजोबांनी सांगायला सुरुवात केली. सेविका चहा ठेवायला उठली आणि टॉर्चबाईनं आपली पर्स उचलली.

संस्थेच्या प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी नियम ऐकवला. टॉर्चबाईनं तो शांतपणे ऐकून घेतला. "मान्य. मग लागोपाठ दोन घरं द्यायचं कुठल्या नियमात बसतं तेही सांगा," ती म्हणाली आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून हललीच नाही. ती अशी बसली की लोकांना दम धरवत नाही, हे प्रमुखांना ठाऊक होतं. सेविकेचं पहाटेचं घर दुसरीला गेलं आणि दुपारचा तासभर विसावा तिच्या कामाच्या वेळेतच धरला गेला. दूध विसाव्यानंतरच ठेवायचं ठरलं. आजोबांना न घसरणारे बूट आले, आणि काठीच्या टोकाला जाड रबर टॉर्चबाईनं स्वतः शोधून आणलं, अजिबात आवाज न करणारं. विसाव्याच्या वेळी घरातून एक फेरी मारायची, ती बूट घालून आणि काठी घेऊन, असं तिनं आजोबांकडून कबूल करून घेतलं.

काही आठवड्यांनी शनिवारी दुपारी ती न कळवता गेली. दार आजोबांनीच उघडलं, पायात बूट, हातात काठी. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. पोर झोपलीये."

टॉर्चबाईनं नेहमीप्रमाणे आधी नाक वर केलं. करपल्याचा खमंग उग्र वास आला. ती तशीच आत धावली. शेगडीभर दूध पसरलं होतं, आणि मुलगी एका हातानं गॅस बंद करून दुसऱ्या हातानं फडकं शोधत होती.

"बाबांशी बोलत बसले हो," ती ओशाळून म्हणाली. "आता शनिवारी मीही येते ना, दूध मीच ठेवते. कारखान्यातल्या चोराची गोष्ट चालली होती, भानच राहिलं नाही."

टॉर्चबाईनं दाराकडे वळून पाहिलं. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून तिथं ऐटीत उभे होते.

"माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "मी आज पोरीची राखण करतोय. दुधाची माझ्या मुलीकडे होती."