नागपूरला कोण जातंय?

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. माझ्या मूर्खपणापायी एक ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलंय, आणि तेही माझ्या सख्ख्या भाचीचं.

शोभाताई, माझी थोरली बहीण, लग्न होऊन नागपूरला गेली त्याला तीस वर्षं झाली. तिच्या पल्लवीचं लग्न ठरलं. मी एकुलता एक मामा. आम्ही राहतो ठाण्याला, वर्तकनगरला, आणि माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या गुडघ्यांना रेल्वेचा बर्थ सोसत नाही. म्हणून विमानाने जायचं ठरलं.

आता तिकीट कधी काढायचं? सुनंदा म्हणाली, आज काढा. मी म्हटलं, थांब, उतरेल. दुसऱ्या दिवशी भाडं चढलं. चढलेलं असताना काढतं का कोणी? तिसऱ्या दिवशी उतरलं. आता तरी काढायला हवं होतं ना? पण उतरायला लागलंय म्हणजे अजून उतरेल, असं मला वाटलं. संध्याकाळी परत वर. दोन आठवडे माझं हेच चाललेलं. दात घासायच्या आधी भाडं, जेवता जेवता भाडं, लिफ्टमध्ये भाडं. सुनंदा म्हणाली, मला बघायला आलेलात तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतंत.

त्यात भर घातली देसाईने. नौपाड्यात आमचं ऑफिस आहे, तिथे हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो म्हणाला, अरे, फोन सगळं ऐकत असतो. तुला जायची घाई आहे हे त्याला कळलंय, म्हणून भाडं वाढतंय. त्याच्या मेव्हण्याने म्हणे फोनसमोर बसून तीन दिवस केरळला नावं ठेवली आणि तिकीट निम्म्यावर आलं.

मी बी.कॉम. झालेला माणूस. विश्वास ठेवायला नको होता. ठेवला.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला, पत्रिकेत कोणाकोणाची नावं घालायची ते विचारायला. मध्येच ती म्हणाली, थांब रे, दारावर कोणी आलंय. मला वाटलं, तिने फोन ठेवला. मी आपला मोबाइल जेवणाच्या टेबलावर पालथा टाकला आणि मेथी निवडत बसलेल्या सुनंदाला डोळ्याने खूण केली. तिला काय बोलायचं ते मी आदल्या दिवशीच पढवून ठेवलेलं.

"नागपूरला कोण जातंय?" मी फोनकडे वाकून, खणखणीत आवाजात म्हटलं. "मला तर अजिबात जायचं नाही."

"मलाही नाही," सुनंदा मेथीच्या जुडीला म्हणाली. "आहे काय तिथे? नुसतं ऊन."

"आणि जेवण? तिखट नुसतं. त्यापेक्षा गोव्याला जाऊ."

"जाऊ की. लग्नं काय, रोजच असतात."

सुनंदाला एवढा अभिनय येतो हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. तिचं बघून मलाही चेव आला. म्हटलं, असं काहीतरी बोलू की हा फोन नागपूरची आशाच सोडून देईल.

"आणि खरं सांगू? हे लग्न काही होत नाही. मला आतून कळलंय. मोडणार बघ."

तेवढ्यात टेबलावरून खोकण्याचा आवाज आला. बाईमाणसाचा खोकला, पण ताईचा नव्हे.

झालेलं असं, की ताईचे हात पिठाचे होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकलेला, आणि तो तसाच सोफ्यावर होता. दारावर आलेल्या बाई म्हणजे पल्लवीच्या होणाऱ्या सासूबाई. शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या सोफ्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी आमचा सगळा प्रयोग पहिल्या वाक्यापासून ऐकला.

मी फोन उचलून "ताई?" म्हटलं. तिकडून फोन कट.

नंतर तिने उचललाच नाही. तासाभराने दाजींचा आला. दाजी मला तीस वर्षं बाळ्या म्हणत आलेत. त्या दिवशी म्हणाले, "जयभीम, बाळासाहेब." विहीणबाई चहा न घेता उठून गेल्या, असं त्यांनी सांगितलं. मुलगा नोकरीला पुण्यात, मामा ठाण्यात, म्हणजे मामाच्या कानावर नक्की काहीतरी आलं असणार, असं त्या घरात चाललंय. मग त्यांनी विचारलं, मुलाबद्दल तुम्हाला काय कळलंय ते आत्ताच सांगा.

मी म्हटलं, काही नाही हो दाजी, ते मी फोनला सांगत होतो.

"फोनला?"

"हो."

दाजी म्हणाले, सुनंदाला द्या.

दुपारी कल्याणच्या मावशीने फोन करून विचारलं, मुलाचं आधी एक लग्न झालंय म्हणे? संध्याकाळी आंबिवलीच्या चुलतभावाचा आला. त्याचा प्रश्न होता, कुठल्या जेलमध्ये ठेवलंय त्याला?

आता बोला. जाण्यावाचून इलाज होता का? मी दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान बघितलं. जे भाडं दिसलं, त्यात आम्ही दोघं लग्नाला जाऊन, परत येऊन, वर आहेर झाला असता. काढलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मी एका मिनिटात तिकीट काढलेलं.

नागपुरात ताईच्या घरी न जाता थेट विहीणबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटलं. मी बसलो नाही. शाळेत कबुली देतात तसा उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. भाडं, देसाई, त्याचा मेव्हणा, मेथी, सगळं. तुमच्या मुलाबद्दल मला चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही, मला फक्त तिकीट स्वस्तात हवं होतं. मनात एकच, माझ्या चार दमड्यांच्या हावेपायी पोरीचं लग्न मोडलं तर मी पल्लवीला तोंड कसं दाखवणार?

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मांडीवरचा आपला मोबाइल उचलून सोफ्याच्या उशीखाली दाबला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"सोन्याचे भावही असेच उतरतात का हो?"

लग्न शाबूत होतं. मी तिथे दोन कप चहा प्यायलो आणि बाईंनी स्वतः ताईला फोन करून सांगितलं, की तुमचा भाऊ मनाने चांगला आहे. फक्त मनाने, असं त्या म्हणाल्या.

ताईकडे गेलो. दाजी पेपरमागे. पल्लवी तोंडावर ओढणी दाबून हसत होती. ताईने माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली, कपाटातून एक घडी केलेला कागद काढला आणि बशीशेजारी ठेवला. उघडून बघतो तर माझं आणि सुनंदाचं नाव. आमची दोघांची तिकिटं, लग्नाच्या दोन दिवस आधीच्या विमानाची.

"साखरपुडा झाला तेव्हाच काढून ठेवलेली," ताई म्हणाली. "मामाचा मान म्हणून. पत्रिका द्यायला येणार होते, तेव्हा देणार होते. काल दुपारी रद्द केली."

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस? मी दोन आठवडे वेड्यासारखा भाडं बघत बसलेलो.

"काहून सांगू? तू म्हटलं असतंस, रद्द कर, अजून उतरेल."

मी अगदी तेच म्हटलं असतं.

शेवटी ताईलाच दया आली. तिने पल्लवीला सांगितलं, बाई, मामा-मामीची तिकिटं परत काढ, आत्ता, माझ्यासमोर. पल्लवीने फोन उघडला, नावं घातली, बोट बटणावर नेलं. आणि खोटं कशाला बोलू तुमच्याशी, माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पल्लवी, आज सोमवार आहे. बुधवारपर्यंत थांबून बघू या का?"

दाजींनी पेपर खाली केला. ताईने माझ्यापुढची पोह्यांची बशी उचलून आत नेली.