दामूभटांचे मूळ अवयव

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला जाते. छापता न आलेल्या गोष्टी मात्र डोक्यात साचत राहतात. काशीत उभी हयात बातमीदारी केल्यावर माझ्याकडे अशा गोष्टींचा ढीग झाला आहे, आणि त्यातल्या निम्म्या दामूभटांच्या आहेत.

दामूभट आमच्या मुन्शी घाटावरच्या बैठकीतले वैदिक. अख्खी संहिता तोंडपाठ, तीही जटेसकट. जटा म्हणजे दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलट, मग पुन्हा सरळ. मध्ये कुणी बोललं, तर पहिल्यापासून.

एका शाळेत ते संस्कृत शिकवत. तिथे सरकारी नियम आला: मास्तरकी टिकवायची तर प्रत्येकाने अंकगणिताची तोंडी परीक्षा द्यावी. नापास झाला तो घरी.

मी भडकलो. वेद शिकवणाऱ्याला भागाकार विचारणारे हे कोण? तसा लेख लिहून संपादकांकडे नेला. त्यांनी तो चिमटीत धरून परत दिला. म्हणाले, "हा जरा निवू द्या."

दामूभटांना पगाराची फिकीर नव्हती. ते एवढंच म्हणाले, "घरची मुलं माझ्याशी हिंदीत बोलतात. शाळा सुटली, तर माझ्यासमोर शिकायला बसणार कोण?"

*

दामूभटांना शिकवायचं काम बैठकीतल्याच गोविंदमास्तरांनी घेतलं. ते गणिताचे. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर खडूने लिहीत. त्यांचा मंत्र एकच: आधी मूळ अवयव पाडा, मग अंक शोधा.

"दोन अंकी संख्या सांगा. अंकांचा गुणाकार पस्तीस."

"पस्तीस म्हणजे पाच साते. सत्तावन्न, पंचाहत्तर, सत्तावन्न."

"सत्तावन्न दोनदा का?"

"उलट म्हटलं की परत सरळ यायला नको? तुम्ही काय अर्ध्यातच उठता?"

*

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मुद्दाम खोडी काढली. "अंकांचा गुणाकार सव्वीस येईल, अशी संख्या सांगा."

सव्वीस म्हणजे दोन गुणिले तेरा. दामूभट पायरीकडे बघत बसले. संध्येची वेळ टळायला आली, तशी त्यांची बायको, आमच्या वहिनी, शोधत घाटावर आल्या.

"काय अडलंय?"

"तेराला एका घरात बसवायचंय. नऊच्या वरचा अंक मावत नाही."

"मग दोन खोल्या द्या. एकीत एक, दुसरीत तीन."

"त्यांचा गुणाकार तीनच होतो, वहिनी," मास्तर म्हणाले.

"होणारच. वेगळं बिऱ्हाड केलं की माणूस तेवढाच उरतो."

अशी संख्याच नसते, हे दामूभटांना घरी जाता जाता पटलं. रागाने ते मास्तरांशी दोन दिवस बोलले नाहीत. "नसलेली वस्तू शोधायला लावली या माणसाने," असं मला सांगत होते. मी म्हटलं, "आमच्या धंद्यात रोजच लावतात."

*

एकदा आम्ही तिघे नावेतून रामनगरला निघालो. दामूभटांना नवीन युक्ती आली होती. त्यांनी नावाड्याला, लल्लनला, तीन अंकी संख्या मागितली. तो म्हणाला, चारशे ब्याऐंशी. दामूभटांनी ती पाटीवर दोनदा शेजारी शेजारी लिहिली. चार लाख ब्याऐंशी हजार चारशे ब्याऐंशी झाली. तिला सातने भागलं, अकराने भागलं, तेराने भागलं. कुठेही बाकी उरली नाही. शेवटी पाटीवर चारशे ब्याऐंशीच राहिले.

लल्लन वल्हं मारत म्हणाला, "पंडितजी, जो हम दिए, वही घुमा के लौटा दिए. इसमें आप का किए?"

 मास्तर म्हणाले, "परीक्षक हेच विचारणार. सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. संख्या दोनदा लिहिली, म्हणजे तुम्ही तिला एक हजार एकने गुणलंत. उत्तर येऊन भागत नाही, कारण सांगावं लागतं."

परतताना त्यांनी कारणाचाच पाठ घेतला. "अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला, की संख्येलाही जातो. नऊचंही तसंच."

दामूभट डोळे मिटून पुटपुटू लागले. मी विचारलं, "काय चाललंय?" तर रागाने बघून पुन्हा पहिल्यापासून पुटपुटू लागले.

*

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात, खिडकीशी उभा होतो. निवलेला लेख पुन्हा तापवून खिशात ठेवला होता. मास्तर शेजारी नखं खात होते.

परीक्षक साहेबाने हिंदीत विचारलं, "चार और सात, सिर्फ़ ये दो अंक. छह अंकों की संख्या बनाइए, जिसमें तीन का पूरा भाग जाए."

दामूभटांनी डोळे मिटले. मान डोलली, हात वरखाली झाला. "चार सात, सात चार, चार सात."

साहेबाने कागदावर भागून पाहिलं. भाग गेला. त्याने भुवई उचलली. "दो और पाँच?"

"दो पाँच, पाँच दो, दो पाँच."

तोही गेला. "कैसे जाना?"

"हर अंक तीन बार बोला, साहेब. जोड़ में तीन का भाग जाएगा ही."

मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलं. साहेब खुर्चीत पुढे सरकला. त्याला आता गंमत वाटत होती. "और नौ का भाग जाए, ऐसी? जितने चाहे अंक लीजिए."

"वही तीन बार बोलूँगा."

आणि पुन्हा मान डोलू लागली. "दो पाँच, पाँच दो, दो पाँच. दो पाँच, पाँच दो..."

साहेब हसला. त्याने दौतीत टाक बुडवला, कागदावर सही केली आणि म्हणाला, "बस, पंडितजी. आप पास."

दामूभटांनी डोळे उघडले.

"बीच में टोक दिया, साहेब. अब फिर शुरू से."