मढ्याचं काम

“तुमचं पोट्टं मरू द्या मॅडम, पण माह्या पोरीच्या बांगड्या काहून फोडता?”

हे वाक्य नाटकातलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला, सगळ्या गावासमोर, एक बाई सतरंजीवरून उठली, स्टेजवर चढली आणि माझ्या सुनेच्या तोंडावर हे बोलली. सून त्या शाळेत शिक्षिका. नाटक तिनंच लिहिलेलं, तिनंच बसवलेलं. ती पडद्याच्या दोरीपाशी उभी होती. स्टेजच्या मधोमध चटईवर, नाकात कापूस आणि गळ्यात झेंडूचा हार घालून तिचा मुलगा, माझा एकुलता एक नातू, मेलेला पडला होता. त्याच्या उशाशी आठवीतली एक मुलगी विधवा होऊन बसली होती. तिच्या मनगटातून रक्त येत होतं. बोलणारी बाई त्या मुलीची आई.

रक्त पाहून मढं उठून बसलं.

“मढं उठलं व माय!” मागून कोणी तरी ओरडलं आणि पोरं खिदळायला लागली.

नातू कधी त्या मुलीकडे पाहत होता, कधी आपल्या आईकडे. सुनेचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. दोरी ओढून पडदा पाडावा की काय करावं, तिला सुचत नव्हतं.

हे असं का झालं, ते सांगते.

सुनेची बदली धारणीकडून बाळापूरजवळच्या या गावात झाली. मुलगा अमरावतीला वकिलाच्या ऑफिसात कारकून आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी जातो. घरात मी, सून आणि नातू. नातू तिच्याच शाळेत सातवीत होता. मी चौथी शिकले. शाळेबद्दल मी कधी सुनेला अक्कल शिकवत नाही. बाकी सगळ्याबद्दल शिकवते.

त्या वर्षी गावाच्या ग्रामसभेत ठराव झाला होता. नवरा मेला तर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत तसं रंगवलं. सरपंचांचा फोटो निघाला. पुढं गावात एक माणूस वारला, आणि त्याच भिंतीच्या मागं, हापशीपाशी, त्याच्या बायकोच्या बांगड्या नेहमीसारख्या फोडल्या. सून त्या वेळी शाळेत चालली होती. संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, “आई, पाटी कोणी वाचत नाही. मी नाटक बसवते.”

“नाटक पाहून लोक घरी जातात अन् जेवतात,” मी म्हणाले.

“जेवताना बोलतात तरी.”

तिनं नाटक लिहिलं. तरुण नवरा मरतो. बायका जमतात. काकू वरवंटा घेऊन बांगड्या फोडायला बसते. पहिला घाव पडतो, तशी विधवा हात ओढून घेते आणि म्हणते, “थांबा. या बांगड्या माझ्या आहेत. त्या कोणी फोडायच्या नाहीत.” काकूच्या हातून वरवंटा पडतो. नाटक संपतं.

सगळ्यांना नाटक पसंत पडलं. फक्त विधवा व्हायला कोणाची मुलगी मिळेना, आणि मरायला कोणाचा मुलगा. ठरावावर पहिली सही सरपंचांची होती, आणि त्यांचीच बायको म्हणाली, “मॅडम, आमच्या पोट्ट्याले डॉक्टरचं काम द्या. नाई तं पाणी देणाऱ्याचं द्या. मढ्याचं नका देऊ बापा.” दुसऱ्या एकीनं विचारलं, मढ्याऐवजी लोड ठेवून वर चादर टाकली तर नाही चालणार का.

शेवटी आठवीतल्या एका मुलीनं स्वतः हात वर केला. तिचा बाप दुसऱ्यांच्या शेतांत ट्रॅक्टर चालवतो. घरातून तिला परवानगी नव्हती. सून त्यांच्याकडे जाऊन बसली तेव्हा मी सोबत होते. मुलीची आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “उद्या तिची सोयरीक जमवायची हाये मॅडम. लोक म्हणतीन, हे तं नवरा खाऊन बसली.”

“नाटकात,” सून म्हणाली.

“लोक नाटकातलं अन् खरं वेगळं धरतात का?”

मुलगी दाराच्या आडून पाहत होती. तिनं रडून, रुसून आईला राजी केलं. पण आईच्या अटी होत्या. बांगड्या प्लॅस्टिकच्या पाहिजेत. टिकली काढायची नाही, पदर पुढं ओढून झाकायची. सुनेनं दोन्ही मान्य केल्या.

राहिलं मढं. एका संध्याकाळी सून ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, “आपलाच घेते.”

मी भाकर खाली ठेवली. “दुसऱ्याचं पोरगं नाई भेटलं म्हणून आपलं?”

“आपलं घरात ठेवून दुसऱ्याचं मागायला तोंड कसं उघडू?”

हे बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

नातू मात्र खूश. “आजी, पाठ काहीच करायचं नाही! फक्त झोपायचं.”

शकुन-अपशकुन मी मानत नाही. माझा नवरा गेला तेव्हा विहिरीच्या काठावर माझ्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली, त्याचा वण अजून आहे. मी रडले ते काच दुखली म्हणून, पण बायकांना वाटलं मी नवऱ्यासाठी रडते आहे. नवऱ्यासाठी मी नंतर रडले, कोणी नव्हतं तेव्हा. त्यामुळे असल्या चालींबद्दल मला सुनेनं काही सांगायची गरज नव्हती.

तरी नातू घरी सराव करायचा तेव्हा मला बसवत नसे. समोरच्या खोलीत चटई टाकून, हात छातीवर ठेवून, श्वास दाबून पडायचा. मी झाडू घेऊन जायची आणि त्याच्या पायाला झाडू लावायची. “ऊठ. झाडू दे.”

“आजी, आत्ताच तं झाडलं!”

“पुन्हा कचरा झाला.”

त्या दिवसांत ती खोली फार स्वच्छ असायची.

गॅदरिंगच्या दिवशी ती मुलगी नटून आली. कार्यक्रम म्हटल्यावर आईनंच बाजारातून हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, नाटकाच्या वेळी बदलायच्या म्हणून. पोरीला त्या इतक्या आवडल्या की तिनं बदलल्याच नाहीत. प्लॅस्टिकच्या बांगड्या शाळेच्या टेबलावर राहिल्या. सून पडद्याची दोरी बांधत होती, तिच्या लक्षात आलं नाही. आणि काकू झालेली मुलगी सरावात रोज प्लॅस्टिकवर वरवंटा हाणायची. ते काही फुटत नाही, म्हणून तिला जोरात मारायची सवय लागली होती. तिनं तसाच मारला.

काच फुटली. रक्त आलं. आई धावली. मढं उठलं. तिथंच आपण होतो.

मी पहिल्या रांगेत, म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर होते. मला सुनेचा दोरीवरचा हात दिसला. आता ती पडदा पाडणार, आणि गावात वर्षभर हेच चालणार की मढं उठलं अन् मॅडमचं भांडण झालं. बांगड्यांचं कोणी बोलणार नाही. मी उभी राहिले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला.

“निज रे! तू मेला हायेस. निज!”

नातवानं माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस याच आजीनं त्याला मढं होऊन पडला की उठवलं होतं. पण तो गुणी आहे. पडलेला कापूस त्यानं स्वतःच उचलून नाकात घातला आणि आडवा झाला. लोक हसले. मग हळूहळू शांत झाले. पोरगा हलत नव्हता. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

मुलीचं मनगट आईच्या मुठीत होतं. आई सोडत नव्हती. त्या मुलीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि रडक्या आवाजात आपलं वाक्य म्हटलं. “थांबा. या बांगड्या माझ्या आहेत. त्या कोणी फोडायच्या नाहीत.”

काकूला तेवढंच पाठ होतं. तिनं वरवंटा टाकून दिला.

टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. लोकांना वाटलं, आईचं येणं नाटकातच होतं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आई तशीच हात धरून उभी, तिला काय झालं ते कळत नव्हतं. मग सुनेनं पडदा ओढला.

आत सून मुलीच्या मनगटाला पट्टी बांधत होती. आई आता रडायला लागली. “मॅडम, मी काय बोलली हो रागात?”

“काही नाही बोललात,” सून म्हणाली.

“बोलली,” मी म्हणाले. “पोट्टं मरू द्या म्हणाली.”

सुनेनं माझ्याकडे डोळे वटारले. पण बोलली ती बोलली. त्या बाईनं पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली. नंतर रस्त्यात दिसली की दुसऱ्या बाजूनं जायची.

पावसाळ्यात नातवाला ताप आला. डेंग्यू निघाला. अकोल्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. पेशी रोज खाली जात होत्या. सून खाटेपाशी बसून राहायची, नाटकाचं नाव काढायची नाही आणि मीही काढायची नाही. गावात लोक काय बोलत होते ते आम्हाला फोनवर कळतच होतं.

एका सकाळी वॉर्डाच्या दारात ती बाई उभी. पहिल्या एसटीनं आली होती. हातात पपईच्या पानांच्या रसाची बाटली. आत येईना.

“आजी, माह्या तोंडून निघालं म्हणून झालं का वो?”

“तुह्या तोंडात डास हाये का?” मी म्हणाले. “डास आमच्या घरामागच्या टाक्यात होते. आत ये.”

ती आत आली. नातू डोळे मिटून, हात छातीवर ठेवून झोपला होता. तिनं तोंडावर पदर घेतला. मी त्याच्या पायाला हात लावला.

“ऊठ. पाहुणे आले.”

त्याला डोळे उघडायला वेळ लागला. पण उघडले. रस प्यायला आणि असं कडू तोंड केलं की ती बाई हसली, आणि सून किती तरी दिवसांनी माझ्यावर ओरडली, की आजारी पोराला असं उठवतात का.

गाव एका नाटकानं सुधारलं नाही. त्यानंतर एकीच्या बांगड्या हातात राहिल्या, दुसरीच्या फोडल्या.

नातू आता दहावीत आहे. ती मुलगी अकोल्यात अकरावीला आहे, तिचा बाप अजून ट्रॅक्टर चालवतो. तिची आई आहे, सून आहे, मी आहे. नाटकात जो मेला तोही जिवंत आहे.