दाबलेल्या कापसाचं उत्तर

अन्याय झाला तो पातूरच्या प्रज्ञावर, आणि झाला तो पौषातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी, अमरावतीच्या छपरांवरचं धुकं पुरतं विरलंही नव्हतं आणि शिकवणीच्या वर्गात नव्या बॅच वाचून दाखवल्या जात होत्या तेव्हा. पहिल्या बॅचची नावं संपली. तिचं आलं नाही. वर्गाच्या वसतिगृहात खोली मिळते ती पहिल्याच बॅचला. म्हणजे शनिवारी खोली सोडायची, पातूरला परत जायचं, आणि डॉक्टर होण्याचा विचारही तिथेच ठेवायचा. हे सगळं बॅच ठरवणाऱ्या चाचणीतल्या एका प्रश्नाने केलं.

प्रश्न असा होता: कापूस दाबताना लागणारं बल शून्यापासून एकसारखं वाढत अर्ध्या मीटरवर सहाशे न्यूटन होतं, तर कार्य किती? प्रज्ञाने कच्च्या कागदावर एक तिरकी रेघ ओढली, तिच्याखालच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं आणि दीडशे ज्यूलवर खूण केली. वर्गाने बरोबर धरलं ते तीनशे. शेवटचं बल गुणिले सगळं अंतर! तिचे गुण गेले, वर चुकीच्या उत्तराचे म्हणून आणखी कापले, आणि तेवढ्यावर ती खाली घसरली.

मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिणारी मुलगी. पदार्थविज्ञान माझं बारावीतच सुटलं. पण कापूस मला ठाऊक आहे. अकोल्याकडे मामांच्या शेतात हिवाळ्याच्या कोवळ्या, पिवळसर उन्हात आम्ही भावंडं ट्रॉलीत उतरून कापूस तुडवायचो, आणि सरकीचा तो तेलकट, उबदार वास केसांत दिवसभर रेंगाळायचा. पहिल्या पावलाला तो शुभ्र ढीग काही विरोधच करत नसे, आपण कंबरेपर्यंत आत जायचो. मग हळूहळू तो घट्ट होत जाई, आणि शेवटी टाचेला असा लागे की पोटऱ्या भरून यायच्या. त्या पहिल्या, हसत घेतलेल्या बुडीला शेवटच्या पावलाचा जोर कसा लावायचा? प्रत्येक थराला त्याच्यापुरतंच बल, आणि अशा अगणित पातळ थरांची बेरीज. वर्गात जिला इंटिग्रेशन म्हणतात ती एवढीच तर गोष्ट आहे.

मी प्रज्ञाला घेऊन वर्ग चालवणाऱ्या सरांकडे गेले. जिन्यात ती म्हणाली, "ताई, तुमी भाषण नोका देऊ. फक्त त्याइले ते फळ्यावर सोडवाले लावा. अन् पत्रकात उद्गारचिन्हं कमी टाका, आकृती टाका."

सरांनी कागद पाहिला आणि चक्क हसले. "बरोबर आहे बेटा. दीडशेच येते. जुन्या पेपरात फरशीवरून पेटी ढकलत नेत होते, तिथं बल सारखंच होतं. म्हटलं, आपल्या भागातले लेकरं आहेत, पेटीच्या जागी कापूस टाकू. प्रश्न बदलला, उत्तर तसंच राहून गेलं."

"मग बदला," मी म्हणाले.

"आता काय बदलतं? बॅच लागल्या. चौकात पहिल्या बॅचच्या फोटोंचा फ्लेक्स लागला. एका पोरीसाठी फ्लेक्स उतरवू काय?" आणि त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला.

खोटं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला शिकवलेलं आहे. खरं कबूल करून चहा मागवणाऱ्याशी कसं भांडायचं, हे कुणीच शिकवलं नाही. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, खालून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता, चहात गवती चहाची पात होती, आणि माझ्याकडे एकही घोषणा उरली नव्हती. प्रज्ञाने कपाला हात लावला नाही.

पत्रक निघालं, त्यावर नुसता त्रिकोण आणि खाली आकडेमोड. वर्गाच्या फाटकाशी पहिल्या बॅचमधल्या मुलाला सोडायला आलेल्या एका गृहस्थांनी ते गाडीवर बसूनच शेवटपर्यंत वाचलं. "पोरगी बरोबर आहे," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण यानं आमच्या पोराची जागा तर नाही ना जात, ताई?" पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि ते निघून गेले.

सरांच्या चहापेक्षा त्या घडीने मला अधिक हादरवलं. चूक एकट्या सरांनी केली. ती तशीच राहावी म्हणून मात्र किती सज्जन हात अगदी हलकेच टेकले आहेत, आणि त्यांतला कुठलाच हात आपल्याला जोर लावणारा वाटत नाही. या बेरजेचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुमचं मूल त्या पहिल्या बॅचमध्ये असेल, तर शनिवारी सकाळी त्याला फाटकाशी सोडून परत फिरू नका. गाडी लावा, जिना चढून वर या, सरांच्या हातात खडू द्या आणि सगळ्या वर्गासमोर ते उदाहरण सोडवून घ्या. तुमच्या मुलाची जागा राहील की जाईल, ते मी सांगू शकत नाही. तरी या.