रामेठ्याचं नाव कोण घेणार?

औषधं शोधणारे लोक आमच्या वैशाखरे गावाकडे यायला लागले, तेव्हापासून एक गाडी गेली की ओट्यावर एक किस्सा मागे राहतो. मी शाळेची पायरी चढले नाय. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. म्हणून सांगते, खोक्यावर कंपनीचं नाव मोठं असतं, झाडाचं बारीक, आणि गावाचं नसतंच.

पहिला आला तो गोडबोल्या. चहा प्याला, मला ‘आई’ म्हणाला, मुसळीचे कंद कुठे होतात ते विचारून गेला. आठवड्यात टेकडीवर नुसते खड्डे! आता कोणी आई म्हटलं की मी आधी त्याच्या गाडीत कुदळ आहे का बघते.

दुसरा लांब चिमटा घेऊन विंचू धरायला आला. याच्या विषातून हृदयाचं औषध होईल, म्हणाला. शेजारची सखू म्हणाली, "मला दरसाल चावतो. माझंच हृदय घेऊन जा, तयार आहे." सगळे हसले. मी नाय. डबीतला एक विंचू आमच्या घरातला होता.

किन्हवलीला माझ्या बहिणीच्या शेजारी एक वैदू राहतो. त्याच्या काढ्याची बाटली एक साहेब मोठ्या प्रेमाने तपासायला घेऊन गेले. गवती चहा होता तो. दूध तेवढं घातलं नव्हतं.

मग लॅबवाली मॅडम आली, रामेठ्याच्या झुडपाच्या मागावर. त्याचा पाला कुटून ओढ्यात टाकला की मासे गुंगतात. त्यातून म्हणे नवी गोळी निघेल. ती झुडपं आता देवीच्या टेकाडामागेच उरलीत. तीही उपटली की संपलं. मी तोंड मिटून बसले, तर बाईने बोलणं टिपायला मोबाइल धरला माझ्या धाकट्या जावेपुढे, जनापुढे. जनाच्या नवऱ्याचं नाव रामा. तो असताना तिने ते कधी घेतलं नाय, तो गेल्यावरही नाय, आणि त्याच्यापायी झुडपाचंही नाय.

मॅडमने वाळकी फांदी दाखवली. "मावशी, तुम्ही याला काय म्हणता?"

जनाने पदर सावरला. "आमी नुसतं ‘हे’ म्हणतो."

"बरं. मग ‘हे’ आता कुठे मिळतील?"

"आता कुठले मिळतात, बाय. हे गेले."

"सगळे?" मॅडमचा चेहरा पडला.

जनाने डोळ्याला पदर लावला. "एकच होते."

मॅडमने मोबाइल बंद केला, जनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडी मुरबाडकडे वळवली. धुरळा बसल्यावर जना उठली, पाल्याची पाटी घेतली आणि टेकाडामागे चालू लागली.